फ्लूच्या विषाणूला भिडणारा बेडूक

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की शिरपूरच्या शिवारात रात्री लवकर झोप लागत नाही. अरुणावतीच्या काठाला, नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत, बांधालगत साचलेल्या डबक्यांत बेडकांचा असा गजर सुरू होतो की इतके महिने ही मंडळी होती तरी कुठे, असा प्रश्न पडावा. ती तिथेच होती. काही जमिनीत खोल, जिथे थोडी ओल टिकून असते तिथे, काही दगडांच्या आणि विहिरींच्या कपारीत. आता अंगावर पिवळाधमक रंग चढलेला बुलफ्रॉगचा नर गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतो आणि पोरे काठावर उभी राहून मजा बघत असतात. पाऊस लांबला तर काही गावांत अजूनही धोंडी निघते. कडुनिंबाच्या डहाळ्या अंगाला बांधलेले पोर पुढे, काठीला बांधलेला बेडूक सोबत आणि दारोदार अंगावर पडणारे पाणी. बेडकाचे आणि पाण्याचे नाते लोकांना पुस्तकाशिवाय माहीत आहे.

पण त्या डबक्यातल्या पाण्याकडे जरा नीट पाहिले तर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्यात गुरे धुतलेली असतात, शेण असते, गावाच्या गटारातून वाहून आलेले बरेच काही असते. पायाला साधी चीर गेलेला माणूस अशा पाण्यात तास-दोन तास उभा राहिला, तर तिसऱ्या दिवशी लालबुंद सुजलेला पाय घेऊन दवाखान्याच्या रांगेत दिसतो. मधुमेह असेल तर गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. बेडूक मात्र जन्मापासून याच पाण्यात. अंगावर खवले नाहीत, केस नाहीत, पिसे नाहीत. कातडी इतकी पातळ की तिच्यातूनच तो पाणी पितो आणि श्वासाचे बरेचसे कामही तिच्यातूनच होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ओल्या जागी बसतो आणि पोटाखालच्या कातडीने ते शोषून घेतो. जंतूंना आत शिरायला याहून सोपे दार असू शकत नाही. तरीही डबक्यातले बेडूक गळवांनी भरलेले दिसत नाहीत.

या कोड्याची एक कडी १९८०च्या दशकात अमेरिकेत उलगडली. मायकेल झॅसलॉफ हे डॉक्टर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधन करत होते. विषय बेडकाचा नव्हताच. पेशींतल्या काही घडामोडी तपासण्यासाठी त्यांना बेडकाची अंडी लागत, म्हणून आफ्रिकन झेनोपस जातीच्या माद्यांच्या पोटावर छोटी शस्त्रक्रिया करून ते अंडाशय काढत, टाके घालत आणि मादीला पुन्हा टाकीत सोडत. टाकीतले पाणी काही निर्जंतुक नव्हते. जखमा पिकायला हव्या होत्या, पण त्या सुंदर भरून येत होत्या. अनेकांनी हे आधीही पाहिले असणार. झॅसलॉफ तिथे थांबले. त्यांनी कातडीतून दोन पेप्टाइड वेगळे केले. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचा एक तुकडा म्हणा. ढालीसाठी असलेल्या हिब्रू शब्दावरून त्यांना 'मॅगेनिन' असे नाव दिले गेले आणि १९८७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

त्यानंतर जगभर बेडकांच्या कातडीची तपासणी सुरू झाली. बेडकाच्या त्वचेत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक प्रकार बुळबुळीत श्लेष्म सोडून कातडी ओली ठेवतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींत संरक्षणाचा दारूगोळा असतो. बेडूक घाबरला, जखमी झाला की त्या आकुंचन पावतात आणि आतला द्रव अंगभर पसरतो. त्यात काही जातींमध्ये विष असते, तर अनेक जातींमध्ये जंतूंना मारणारी पेप्टाइड असतात. ही पेप्टाइड जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून त्याला भोके पाडतात. आपल्या नेहमीच्या प्रतिजैविकांपेक्षा ही रीत वेगळी आहे. गोळी बहुतेक वेळा जिवाणूच्या कारखान्यातले एखादे यंत्र बंद पाडते. पेप्टाइड थेट भिंतच फोडते. जवळपास प्रत्येक जातीच्या बेडकाचा हा पेप्टाइडचा संच वेगळा असतो, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आता तापी ओलांडून दक्षिणेला जाऊ. शिरपूर तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. भूगोलाच्या पुस्तकातला सह्याद्री तापीच्या दक्षिणेला सुरू होतो आणि थेट केरळ-तामिळनाडूपर्यंत जातो. शिरपूरला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर सिंधुदुर्गातल्या आंबोलीला सात हजारांच्या घरात. या पावसाने वाढवलेल्या सदाहरित जंगलांत, सड्यांवर आणि ओढ्यांत बेडकांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यांतल्या कितीतरी जातींना पहिल्यांदा नाव मिळाले. नवे बेडूक जन्माला आले असे नाही. ते होतेच, पण कुणी बारकाईने पाहिले नव्हते.

त्यातलाच एक हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. आडनाव चक्क आपल्याकडचे. बहुविस्तार, म्हणजे दूरवर पसरलेला. लांबी साधारण सहा-सात सेंटीमीटर. पाठ जांभ्या दगडासारखी तांबूस, कधी विटकरी तर कधी केशरीकडे झुकणारी. दोन्ही कुशी मात्र गडद तपकिरी ते काळ्या, त्यावर फिकट ठिपके. वरचा ओठ पांढरट, पायांवर आडवे पट्टे. पाठीचा लाल आणि कुशीचा काळा रंग जिथे भेटतात तिथे कुणी पट्टी लावून रेघ मारावी इतकी सीमा स्वच्छ असते. पावसाळी जंगलात ओल्या पालापाचोळ्यावर तो स्थिर बसला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. अंग दणकट, हात जाड, आणि नराच्या दंडावर एक फुगीर ग्रंथी असते. बोटांची टोके झाडावरच्या बेडकांसारखी मोठी चकतीदार नाहीत, कारण हा झाडाच्या शेंड्यावर राहणारा नाही. जमिनीवर, पडलेल्या ओंडक्यांखाली, झुडपांच्या बुंध्याशी, दगडांच्या फटीत त्याचा मुक्काम. जंगलालगतच्या घरांच्या न्हाणीत, विहिरीच्या कठड्याआड या कुळातले बेडूक हमखास भेटतात. पाण्याशी त्याचे खरे काम पावसाळ्यात. तेव्हा नर डबक्यांच्या, भातखाचरांच्या काठी जमून साद घालतात, माद्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, आणि पाणी आटायच्या आत शेपटीवाली पिल्ले पाय फुटून बाहेर पडतात. ज्या वर्षी पाऊस मध्येच दडी मारतो, त्या वर्षी डबके आटते आणि अख्खी पिढी वाळून जाते. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

या बेडकाला नाव मिळाले ते २०१५ मध्ये, पुण्यातून. त्याआधी पावणेदोनशे वर्षे त्याला वेगळे अस्तित्व नव्हते. १८३८ मध्ये चुडी या स्विस अभ्यासकाने 'मलबारचा बेडूक' म्हणून एका जातीचे वर्णन केले होते आणि लाल पाठीचा, काळ्या कुशीचा प्रत्येक बेडूक त्याच नावाखाली मोडत असे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले डॉ. आनंद पाध्ये, 'आयसर'मधले डॉ. नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे नमुने शेजारी ठेवून डोक्याची रुंदी, बोटांची टोके, पायांतला पडदा मोजला आणि जनुकांचीही तुलना केली. तेव्हा दिसले की एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती नांदत होत्या. दुसरीला त्यांनी 'बहुविस्तार' हे नाव दिले. असल्या कामाला वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मोजपट्टी घेऊन बेडकाचे डोके मोजणे म्हणजे सरकारी अनुदानाचा अपव्यय, असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

एप्रिल २०१७ मध्ये 'इम्युनिटी' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे जोशी जेकब आणि तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ यांचे हे एकत्रित काम. केरळमध्ये बहुविस्तार पकडून त्याच्या त्वचेला विजेचा अगदी सौम्य झटका दिला गेला, इतका सौम्य की ग्रंथींनी आपला द्रव सोडावा. तो गोळा करून बेडकाला पुन्हा सोडून दिले. त्या द्रवातल्या ३२ पेप्टाइडची रचना शोधून ती प्रयोगशाळेत तयार केली आणि फ्लूच्या विषाणूवर एकेक तपासली. चार पेप्टाइड विषाणूला मारणारी निघाली. त्या चारपैकी तीन माणसाच्या तांबड्या रक्तपेशीही फोडत होती. औषधाच्या शोधात बहुतेक उमेदवार इथेच बाद होतात, कारण जंतूला मारणारे रसायन मिळणे तितके कठीण नाही, रोग्याला न मारता जंतूला मारणारे मिळणे कठीण. चौथे पेप्टाइड मात्र रक्तपेशींना हात लावत नव्हते. २७ अमिनो आम्लांच्या या साखळीला शास्त्रज्ञांनी 'उरुमिन' नाव दिले. उरुमी म्हणजे केरळच्या कळरिपयट्टू या युद्धकलेतली पट्ट्यासारखी वाकणारी, चाबकासारखी फिरवली जाणारी तलवार. आपला दांडपट्टा आठवावा.

ही तलवार कुठे बसते, ते समजून घेण्यासारखे आहे. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे उभे असतात. याच काट्याने विषाणू घशातल्या आणि फुप्फुसातल्या पेशींना चिकटतो. एका काट्याचा आकार ज्वारीच्या ताटासारखा समजा, वर कणीस आणि खाली धांडा. आपले शरीर आणि आपली नेहमीची लस, दोन्ही मुख्यतः कणसाला ओळखतात. आणि विषाणू दरवर्षी नेमके कणीसच बदलतो. म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही आणि ती दरवर्षी नवी बनवावी लागते. धांडा सहसा बदलत नाही, कारण तो बदलला तर विषाणूचे स्वतःचेच काम अडते. उरुमिन या धांड्याला जाऊन भिडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा उरुमिन लागलेले विषाणू अक्षरशः फुटलेले दिसले. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे विषाणूही त्यातून सुटले नाहीत. उंदरांना मारक मात्रेत विषाणू दिला आणि सोबत नाकावाटे उरुमिन देत राहिले, तेव्हा बहुतेक उंदीर वाचले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांतले बहुतेक मेले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. उरुमिन एच-१ गटाच्या विषाणूंवर चालते, एच-३ गटावर नाही, आणि हिवाळ्यात-पावसाळ्यात येणाऱ्या फ्लूमध्ये दोन्ही गट असतात. मात्र एच-१ म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. २००९ मध्ये जगभर पसरलेला स्वाईन फ्लू हा एच-१-एन-१ विषाणूच होता आणि त्याने भारतातला पहिला बळी त्या ऑगस्टमध्ये पुण्यात घेतला. तोंडाला रुमाल बांधून नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. पुढे २०१५ आणि २०१७ मध्येही राज्यात मोठ्या लाटा आल्या. तेव्हा हाताशी मुख्य औषध एकच, ऑसेल्टामिविर. ते आजाराच्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर चांगले काम करते. खेड्यातला रुग्ण बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी धाप लागल्यावर पोहोचतो. त्यात २००९च्या आधीच्या दोन हिवाळ्यांत जुना हंगामी एच-१-एन-१ या औषधाला जगातल्या मोठ्या भागात जुमानेनासा झाला होता. वेगळ्या रीतीने काम करणारे दुसरे औषध हवे आहे, हा पुस्तकी प्रश्न नाही.

मग उरुमिन औषधाच्या दुकानात का नाही? कारण प्रयोगशाळेतल्या उंदरापासून रुग्णालयातल्या माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे आणि पेप्टाइडसाठी तो जास्तच खडबडीत. पेप्टाइड हे शरीराच्या दृष्टीने अन्नच. गिळले तर जठरातले रस ते डाळीतल्या प्रथिनासारखे पचवून टाकतात, टोचले तर रक्तातली पाचके त्याचे तुकडे करतात. इन्सुलिनची गोळी का नाही, या मधुमेहींच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही हेच. शिवाय अशी साखळी कारखान्यात बनवणे महाग. झॅसलॉफ यांच्या मॅगेनिनची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. त्यावरून पेक्सिगॅनान नावाचे मलम तयार झाले, मधुमेही पायाच्या जखमांसाठी. अगदी त्या पायांसाठी, ज्यांनी आपल्या सरकारी रुग्णालयांचे शस्त्रक्रिया विभाग भरलेले असतात. माणसांवर चाचण्याही झाल्या. पण ओफ्लॉक्सासिनच्या साध्या गोळ्यांपेक्षा ते सरस आहे असे दिसले नाही आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली. पुन्हा प्रयत्न झाला, तोही २०१६ मध्ये फसला. ढाल सापडल्याला तीस वर्षे होत आली होती, पण रुग्णाच्या पायापर्यंत ती पोहोचली नव्हती.

म्हणून कुणी बेडकाची कातडी वाटून जखमेला लावू नये, 'फ्लूवर बेडूक' असा संदेश मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नये. उरुमिन बेडकाच्या अंगावर कशात मिसळलेले असते ते वर आलेच आहे. चारातली तीन पेप्टाइड रक्तपेशी फोडणारी होती. साठीपुढची माणसे, गरोदर स्त्रिया, दमेकरी, मधुमेही आणि हृदयरोगी यांच्यासाठी आज उपाय आहे तो दरवर्षीची फ्लूची लस, आणि ताप-खोकल्यासोबत धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय.

आता 'नाव' या मुद्द्याकडे पुन्हा येऊ. पेप्टाइडचा संच जातीगणिक बदलतो, हे वर आले. म्हणजे 'सह्याद्रीतल्या लाल बेडकापासून औषध' असे म्हणून भागत नाही. नेमका कोणता लाल बेडूक, हे ठाऊक नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच प्रयोग पुन्हा करता येणार नाही. २०१७च्या निबंधात बेडकाचे जे नाव आहे ते पुण्यात दोन वर्षे आधी मोजपट्टी धरून बसलेल्या माणसांनी दिलेले आहे.

आणि नाव मिळायच्या आधी किंवा मिळाल्यावर लगेच बेडूकच नाहीसा झाला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या पावसाळी जंगलात १९७३ मध्ये एक बेडूक सापडला. त्याची मादी फलित अंडी गिळून टाकत असे. पिल्ले तिच्या जठरात सहा-सात आठवडे वाढत आणि मग तोंडातून बाहेर येत. इतके दिवस मादी काही खात नसे आणि तिच्या जठरातले आम्ल बंद असे. अंडी-पिल्लांभोवतीच्या द्रवातला प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा पदार्थ ते बंद करतो, इतपत कळले होते. जठराच्या व्रणांनी तेव्हा माणसे हैराण होती आणि पोट कापून आम्लाच्या नसा तोडण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास चालत. आठवडेच्या आठवडे आम्ल थांबवून पुन्हा जसेच्या तसे सुरू करणारा प्राणी म्हणजे डॉक्टरांना चालते-बोलते पाठ्यपुस्तकच. १९८१ मध्ये तो जंगलात शेवटचा दिसला. बंदिवासातलाही दोन वर्षांत मेला. त्याचा चुलतभाऊ १९८४ मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी दिसेनासा झाला. पाठ्यपुस्तकाची दोन-चार पानेच वाचून झाली होती.

बेडूक पिंजऱ्यात पाळून ठेवू, असाही मार्ग सुचवला जातो. तो नेहमी चालत नाही. जॉन डॅली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये इक्वेडोरच्या एका चिमुकल्या रंगीत बेडकाच्या कातडीतून मॉर्फिनच्या शेकडो पट जोरकस वेदनाशामक मिळवले. पुढे तेच बेडूक बंदिवासात वाढवले, तर त्यांच्या अंगात ते रसायन नव्हतेच. या कुळातल्या बेडकांची विषे जंगलात खाल्लेल्या मुंग्या-कोळ्यांसारख्या बारीक जिवांतून येतात. जंगल नसेल तर बेडूक असूनही औषध नाही. नमुना इतका थोडा होता की रचना उलगडायला १९९२ उजाडले. ते रसायन माणसाला देण्याजोगे सौम्य नव्हते, ही गोष्ट वेगळी.

बेडूक नाहीसे होण्याला जंगलतोड, रस्ते, कीटकनाशके ही ठाऊक असलेली कारणे आहेतच. पण गेल्या चाळीस वर्षांत सर्वांत मोठी कत्तल केली ती एका बुरशीने. कायट्रिड नावाची ही बुरशी बेडकाच्या कातडीत घुसते. ज्या कातडीतून पाणी आणि क्षार यांची ये-जा चालते, तीच बिघडते. रक्तातले सोडियम-पोटॅशियम घसरत जाते आणि शेवटी हृदय थांबते. जुलाबाने सुकलेल्या लहान मुलाच्या बाबतीत डॉक्टर ज्याची धास्ती घेतात, जवळपास तेच. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार या बुरशीने जगात ५०१ उभयचर जातींची घट झाली आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या संपल्या. सह्याद्रीतही ही बुरशी आहे. २०१३ मध्ये डहाणूकर, पाध्ये आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर तिचा आशियाई वाण सापडल्याचे नोंदवले. इथे मात्र पनामा किंवा ऑस्ट्रेलियासारखे बेडकांचे खच पडलेले नाहीत. आशियातले बेडूक आणि ही बुरशी यांची ओळख फार जुनी असल्याने इथे टक्कर बरोबरीची होत असावी, असे मानले जाते, आणि बेडकांच्या बाजूने लढणाऱ्यांत कातडीतली पेप्टाइडही आहेत.

पनामा आणि कोस्टारिकात बेडूक गेल्यावर माणसांचे काय झाले, तेही मोजले गेले. बुरशीची लाट ज्या ज्या भागातून पुढे सरकली, त्या भागात काही वर्षांतच हिवताप वाढला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ऐन भरात ही वाढ दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे एक जादा रुग्ण इतकी होती. बेडूक डास खातात, त्यांची पिल्ले डासांच्या अळ्यांशी अन्नासाठी भांडतात, काही अळ्या खातातही. शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात हिवतापाशी झगडणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही बातमी वाचण्यासारखी आहे. पण त्यातून चुकीचा अर्थ काढायला नको. डेंग्यूचा डास घरातल्या रांजणात, कूलरच्या टाकीत, गच्चीवरच्या टायरात अंडी घालतो. तिथे बेडूक येत नाही. तिथे आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करायला माणूसच लागतो.

बहुविस्तार आज दुर्मिळ नाही, नावाला जागून तो दूरवर पसरलेला आहे. त्याच्या शेजाऱ्यांची स्थिती तशी नाही. २००९ मध्ये नाव मिळालेला आंबोलीचा चिमुकला भेक जगात फक्त आंबोलीच्या आसपास आहे. सड्यावरच्या उथळ खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी हेच त्याचे बाळंतघर. त्याच पावसात धबधबे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात आणि रात्री रस्ता ओलांडणारा तो चाकाखाली येतो.

खानदेशात इतक्या जाती नाहीत, पण जे आहेत त्यांनीही बरेच सोसले आहे. एके काळी बुलफ्रॉगच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी भारतातून हजारो टनांनी जात.  १९८७ मध्ये केंद्र सरकारने निर्यात बंद केली. तंगड्यांसाठी पकडलेला प्रत्येक बुलफ्रॉग शेतातले किडे, खेकडे, प्रसंगी उंदराची पिल्ले खाणारा असतो, हे तोवर आकड्यांनिशी मांडले जाऊ लागले होते. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या 'शिरपूर पॅटर्न'मुळे तालुक्यातल्या नाल्यांत पावसाळ्यानंतरही पाणी उभे राहू लागले. ते विहिरींसाठी केले गेले, पण अशा पाण्याच्या काठी बेडकांची साद हिवाळ्याच्या तोंडापर्यंत ऐकू येते.

घरांच्या दिव्यांखाली किडे टिपायला येतो तो बहुधा भेक, खरखरीत पाठीचा. त्याला हात लावला की चामखीळ येतो, ही समजूत निराधार आहे. चामखीळ माणसाच्या विषाणूमुळे येतो. मात्र भेकाच्या डोळ्यांमागे ज्या दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतले विष खरे आहे. ते डायजॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखे काम करते. भेकाला बेडूक समजून शिजवून खाल्ल्याने उलट्या होऊन नाडी मंदावल्याच्या, जीव गेल्याच्या घटना भारतात नोंदलेल्या आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही. असे कुणी खाल्ले असेल तर घरगुती उपाय न करता ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस येऊ लागला, तर त्याचे तोंड वाहत्या पाण्याने बाहेरच्या दिशेला धुऊन त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

मुलांना बेडूक हातात घ्यायचाच असतो. घेऊ द्यावा, थोडा वेळ. आधी हात साध्या पाण्याने ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या कातडीवरचा चिकट थर निघून येतो. हाताला डासांचे मलम किंवा फवारणीचे औषध लागलेले नसावे, ते त्याच्या कातडीतून थेट आत जाते. बेडूक जिथला तिथे सोडला की डोळ्यांना हात न लावता साबणाने हात धुवायचे.